नसलेलं चुंबक

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
अमरावती रोडवरच्या एका तळघरात
मी अशा ढगापाशी बसलेय, ज्याचं तापमान लिहिताना
दशांशचिन्हापुढं आधी सात शून्यं मांडावी लागतात,
मग कुठं एक आठ.

दिवसा काम होत नाही.
व्होल्टेज पडतं, एसी दम टाकतो,
खोली दोन अंश चढली की लेसर जागा सोडतो.
म्हणून रात्री. दोननंतर
शहर थोडं हलकं होतं आणि किरण ठरतो.

बाबांनी विचारलं होतं, ताटीत वाळा भरता भरता,
"काय करून राहिली तू तिथं रातभर?"
गार करते, म्हटलं. उजेडानं.
"उजेडानं कुठं गार होते काय बाप्पा!
उजेडानंच तं जीव चालला सगळ्यायचा."
मग मी शेवटची पायरी सांगितली:
जे अणू जास्त तापलेले, त्यांना वाट करून द्यायची,
ते उडून जातात,
उरलेले एकमेकांवर आदळत आणखी निवतात.
वाळा खाली ठेवून ते म्हणाले,
"हे तं कूलरच झालं."
चाळीस वर्षं त्यांनी तेच विकलं होतं.

हे अणू उदासीन.
पुस्तकातला शब्द आहे तो, माझा नाही.
त्यांच्यावर प्रभार नाही, धन नाही, ऋण नाही.
(कार्यालयात सावरबांधेबाईंकडे तीन टेबलांचा प्रभार आहे,
त्या कुठल्याही हाकेला वळतात.)
प्रभार असलेला कण
चुंबकाच्या राज्यात शिरला की धावता धावता वळतो, गोल फिरतो.
ते वळण उदासीनाच्या नशिबी नाही.

म्हणून दोन किरण, समोरासमोर,
डोळ्यांना जेमतेम कळतील इतके गडद तांबडे.
अणू एकाकडून प्रकाशाचा कण घेतो,
दुसऱ्याच्या ओंजळीत टाकतो,
आणि या देवघेवीत त्याला धक्का बसतो.
ढगाच्या या काठाला कमी, त्या काठाला जास्त,
अशी मी धक्क्यांची उतरंड लावते.
एवढंच.
मग गणित उघडून बघावं,
तर आत चुंबकाचं क्षेत्र मांडी घालून बसलेलं.
त्याचं लोखंड कुठंच नाही.

काल तीन वाजून दहाला
किरण बंद केले, ढग पडू दिला, पसरू दिला,
त्याच्या सावलीचा फोटो घेतला.
फोटो घेतला की ढग संपतो,
पुढचा जमायला वीस सेकंद.
चौदाशे अकराव्या ढगात
पाच काळी भोकं दिसली,
तव्यावरच्या धिरड्याला पडतात तशी.
एकेक भोक म्हणजे एकेक भोवरा.
खुर्चीतच झोपलेल्या तन्मय उरकुडेला हलवलं.
"पाच," म्हटलं.
"पुन्हा मोज," तो म्हणाला, डोळे न उघडता.

सकाळी बाबा म्हणाले, "म्हणजे चुंबक नाहीच?"
नाही.
"पन त्यायले वाटते, आहे."
वाटत नाही. ते खरंच वळतात.
"मंग फसवलंच न तू त्यायले."
माझ्याकडं उत्तर नव्हतं. चहा तसाच राहिला.

नंतर त्यांच्या स्कूटरवर मागं बसून सदरला निघाले.
गड्डीगोदामच्या अलीकडं,
जिथं सात वर्षांपूर्वी दुकान होतं
आणि आता पुलाचा खांब आहे,
हँडल डावीकडं जरासं झुकलं,
सरळ रस्त्यावर, कुणी आडवं आलेलं नसताना,
आणि परत आलं.
ते काही बोलले नाहीत.
मी त्यांच्या शर्टाला धरून बसले होते,
मलाही वळावं लागलं.